ठेवलेली होडी

आमच्या उमेळे गावच्या तळ्यात एक होडी बुडालेली आहे, हे वाक्य आमच्या घरात उच्चारायची सोय नाही. सासरे ताबडतोब अंगावर येतात. "बुडाली नाय ती. ठेवलीय."

लग्न होऊन साताऱ्याहून इथे आले तेव्हा मला याची गंमत वाटली होती. समुद्रात फिरणाऱ्या लाकडी होडीला किडा लागतो, तो फळ्या आतून पोखरतो. खाऱ्या पाण्याचा हा किडा गोड्या पाण्यात मरतो. म्हणून सासऱ्यांनी खाडीवरची आपली होडी टेम्पोत घालून तळ्यावर आणली, तिच्यात दगड भरले आणि तिला पाण्याखाली बसवलं. पावसाळा संपला की काढायची, असा बेत होता. तेवढ्यात त्यांचे गुडघे गेले, नवऱ्याला मुंबईत नोकरी लागली आणि होडी तिथेच राहिली. दरवर्षी विचारलं की एकच उत्तर, "पुढच्या हंगामाला काढू." हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले.

बरं, ठेवली तर ठेवली, विसरून जावं. छे! रोज संध्याकाळी सासरे तळ्यावर हजर. कुणी निर्माल्याची पिशवी त्या कोपऱ्यात भिरकावली की भांडण. कुणी पोहता पोहता तिकडे गेलं की आरडाओरडा. मग कुणीतरी मला फोन करणार, मी गॅस बंद करून, गाऊनवर ओढणी टाकून धावत जाणार आणि ज्यांना ओळखतही नाही त्यांची माफी मागणार. घरी आल्यावर सासरे शांतपणे चहा मागणार.

"बाबा, त्या होडीचा एकदाचा निकाल लावा," हे मी किती वेळा म्हटलं असेल, देव जाणे.

यंदा उन्हाळ्यात गाळ उपसायला कंत्राटदार आला. पाणी उतरलं आणि होडीचं नाक वर दिसू लागलं. झालं! समोरच्या नव्या टॉवरच्या ग्रुपवर फोटो फिरला, पोर्तुगीजांचं जहाज सापडलं म्हणून. दुपारपर्यंत नाकाला झेंडूचा हार. एक निवृत्त गृहस्थ छत्री घेऊन येणाऱ्याजाणाऱ्याला इतिहास सांगू लागले. मी म्हटलं, "काका, ही माझ्या सासऱ्यांची होडी आहे." ते समजूतदारपणे हसले. "तुम्ही मूळच्या इथल्या नाही ना?"

मी कपाळावर हात मारून घेतला.

सासऱ्यांचं लक्ष कशातच नव्हतं. पोकलेनवाल्याला ते एकच सांगत होते, "हलू रे, हलू. मोडंल." माझा दंड त्यांनी घट्ट धरून ठेवला होता. दगड काढले, पट्टे अडकवले, आणि काळी कुळकुळीत होडी गाळातून सुटून काठावर आली. एकही फळी निखळली नव्हती. लोकांनी टाळ्या वाजवल्या, सेल्फी काढले. सासरे तिच्याभोवती फिरून फळ्यांवर टकटक करून पाहत होते. मला, खोटं कशाला सांगू, अभिमान वाटला.

मग कंत्राटदाराने विचारलं, "आजोबा, ठेवायची कुठे?"

टॉवरवाल्यांकडे उत्तर तयार होतं. बागेत चौथरा बांधू, रंग देऊ, दिवे लावू. सासरे त्यांच्यावर खेकसले, "उन्हात फुटंल ती!" आणि माझ्याकडे वळले. "घरी नेऊ?"

घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. पूर्वी ज्या अंगणात ही होडी पावसाळ्यात पालथी घातलेली असायची, तिथे आता बिल्डिंगचं पार्किंग आहे. खाडीवर न्यायची तर रोज बघणार कोण? नवरा घरी येतो तोवर जेवणं झालेली असतात, आणि सासऱ्यांना जिने उतरतानाही धाप लागते. ते वाट बघत माझ्या तोंडाकडे पाहत होते.

मीच मग नजर वळवली. तळ्याकाठच्या देवळाच्या बाजूचा कोपरा खोदून झाला होता आणि तिथे पाणी होतं. सासऱ्यांनीही तिकडेच पाहिलं.

"ठेवू परत," ते म्हणाले. "पुढच्या हंगामाला काढू."

"हो बाबा," मी म्हटलं. "पुढच्या हंगामाला नक्की काढू."

कंत्राटदार वैतागला. "अहो, मी काढायला आलोय, तुम्ही परत टाकायला सांगताय!" पण त्याने टाकली. मी पदर खोचला, गुडघाभर पाण्यात उतरले आणि एकेक दगड होडीत ठेवू लागले. काठावरून सासरे माझ्यावरच ओरडत होते, "अगं, एका बाजूला नको! काढताना जड जाईल."