सेल्फवर निघाली पाहिजे

"धक्का द्यायचा न्हाई, वैनी. हँडल मारायचं न्हाई. सोमवारी सकाळी नुसत्या किल्लीनं, सेल्फवर बाहेर आली तर राहू द्या तुमची अँबेसिडर. न्हाईतर लातूरच्या भंगारवाल्याचा टेम्पो सांगून ठेवलाय."

धाकटे दीर शिवशंकर यांनी हे चहा पिता पिता, चारचौघांसमोर सांगितलं. तारामतीकाकूंनी पदर खोचला.

"ठरलं. पण निघाली, तर ह्या शेडात सोयाबीन टाकायचं नाव काढायचं न्हाई. कवाच."

औशाजवळच्या आमच्या गावात ती दुधी रंगाची अँबेसिडर सगळ्यांच्या ओळखीची. काकूंचे मालक अण्णाराव ती चालवायचे आणि काकू मागच्या सीटवर, डाव्या खिडकीशी. स्टिअरिंगला हात लावायची सोय नव्हती. पण गाडी बंद पडली, बॉनेट उघडलं, की काकूंच्या हातात टॉर्च यायचा. "इकडं धर. तिकडं न्हाई, इकडं!" मकसूद मिस्त्री आत हात घालून एकेका भागाचं नाव घ्यायचा आणि काकू उजेड धरता धरता ऐकायच्या. तेवढंच त्यांचं शिक्षण.

अण्णाराव गेल्यावर त्यांनी लातूरला जाऊन ड्रायव्हिंगचा क्लास लावला. मास्तरनं पहिल्याच दिवशी विचारलं, "काकू, ब्रेक कुठला, सांगा बरं."

"तू मघापासनं ज्याच्यावर पाय ठेवून बसलास, त्यो."

लायसन मिळालं. त्याआधी औशाच्या बाजाराला जायचं म्हणजे शिवशंकरच्या मोटरसायकलवर मागं, पिशवी मांडीवर. परतताना त्यांची कामं उरकेपर्यंत आडत्याच्या ओट्यावर बसून राहायचं. त्यांच्या गप्पा संपल्या की काकूंचा बाजार संपला. गाडी गेली तर पुन्हा तो ओटा आला, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

उन्हाळाभर त्यांनी गाडी चालवली. दसऱ्यापासून मात्र ती सकाळी काही केल्या चालू होईना. दुपारी कधी लागायची, कधी नाही. औशाच्या मेकॅनिकनं नवी बॅटरी बसवली, नवे प्लग बसवले आणि मग फोन उचलणं बंद केलं.

सोमवारी सकाळी शेडाच्या पत्र्यावरून दंव ठिबकत होतं. काकूंनी बॉनेट उघडलं आणि धाकट्या जावेला, उज्वलाला, ड्रायव्हरच्या जागी बसवलं.

"अक्का, किल्ली फिरवली की पळंल का ही?"

"न्यूट्रलमधी हाय. मी 'हाण' म्हटलं की फिरव. 'बस' म्हटलं की सोड. मधी कायबी विचार करू नको."

"मला विचार करायला जमतंय कुठं!" उज्वलानं किल्ली दोन्ही हातांनी धरली.

फोन बॅटरीला टेकवून ठेवला होता. पलीकडे मकसूदभाई. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून ते नांदेडला लेकीकडं, जेबाकडं, राहतात. गाडीखाली शिरणं सुटलं, पण कान शाबूत आहेत.

"सलाम, भाभी. आधी मला गाडी ऐकू द्या. बोलू नका कुणी."

"हाण!"

घर्रर्र, घर्रर्र, घर्रर्र.

"बस!"

"सेल्फ झकास फिरतोय. बॅटरीला बोल लावू नका. पेट्रोलचा वास?"

"येतोय की. डोस्कं चढलंय वासानं."

"मग पेट्रोल पोचतंय. करंट पोचतो का बघू. जरा थांबा, वास उडू द्या. हां, आता एक प्लग काढा, वायरीला तसाच लावून इंजिनाच्या लोखंडावर ठेवा. हातात धरू नका, रबराच्या पकडीत धरा."

काकूंनी धरला. "हाण!"

प्लगच्या टोकाला एक ठिणगी आली. लाल, बारीक. आली काय, गेली काय.

"मरतुकडी हाय, मकसूदभाई. विझायला आलेल्या उदबत्तीसारखी."

"हौ. आता कॉइलची जाड वायर, ती डिस्ट्रिब्युटरच्या मधोमध बसते बघा, ती उपसा. तिचं टोक लोखंडाजवळ धरा, चिकटवू नका."

कॉइल करंट वाढवते आणि डिस्ट्रिब्युटर म्हणजे तो चारी प्लगना पाळीपाळीनं वाटणारं गोल डबडं. काकूंनी वायर उपसली. "हाण!" आणि या खेपेला टच, टच, टच अशी निळी ठिणगी उडाली. उज्वला सीटवरच आडवी झाली.

"निळी! आवाज आला का?"

"नांदेडपर्यंत आला. म्हंजे कॉइल चांगली. डबड्यापर्यंत करंट येतो आणि तिथनं पुढं मरतो. आतमधी काय दिसतंय?"

"दिसंल कसं, आधी ह्या मुंग्या तर हटू देत." काकूंनी फुंकर मारली. "कवाधरनं रांग लावलीया वायरीवरनं."

मकसूदभाईंनी तिथंच अडवलं.



"मुंग्या? भाभी, रबर खाणारी मुंगी मी आजवर बघितली न्हाई. तिथं गोड काय सांडलंय? खंडेनवमीला गाडीची पूजा कुणी केली?"

"मी."

"नारळ कुठं फोडला? अण्णाराव तर पुढच्या चाकाशी फोडायचे."

"चाकाशी कशाला? राबतंय इंजिन आणि मान चाकाला?" काकूंचा आवाज चढला. "मी बॉनेट उघडलं. मधोमध पाणी सोडलं. चांगला पाणीदार नारळ होता. ह्या डबड्यावर कुंकू पण लावलं, हेच गाडीचं काळीज म्हणून."

पलीकडं हसू फुटलं ते आवरेना. मागून जेबाचा आवाज आला, "अब्बा, पानी पिओ!"

"भाभी, तुमचा प्रसाद इंजिनाला पोचला. आत गेला, वाळला, चिकट थर बसला. सकाळी दंवानं त्यो ओला होतो, मग करंट प्लगकडं जायचं सोडून त्या थरावरनं कुठंबी पळतोय. दुपारी ऊन लागलं की सुकतो, मग गाडी लागते."

काकूंचे गावभर मेकॅनिकला बोल लावून झाले होते.

"म्हंजे मीच केलं."

"तुम्हीच."

"मग मीच काढते. सांगा."

डबड्यावरची कॅप काढायची, चारी वायरी सोडवायच्या. कुठली कुठं, हे चुकता कामा नये. उज्वला ब्लाऊज शिवते. तिनं धावत जाऊन रिळं आणली आणि प्रत्येक वायरीला आणि ती बसते त्या भोकाच्या उंचवट्याला एकाच रंगाचा दोरा बांधला. कॅप उलटी केली तर आत तपकिरी राप, बाहेरून कडेला कुंकवाचं बोट उमटलेलं, दोन मुंग्या मेलेल्या.

"पेट्रोलनं पुसू नका, साखर निघत न्हाई. कोमट पाण्याचं फडकं फिरवा, मग कोरडं, मग पुन्हा कोरडं. आणि शेवटी चुलीशी धरा. भाभी, शेकवायचं, भाजायचं न्हाई. पापड न्हाई त्यो."

काकू चुलीपुढं कॅप तळहातावर घेऊन बसल्या, तान्ह्या लेकराची टाळू शेकावी तशा. तेवढ्यात बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. भंगारवाला दोरखंड घेऊनच उतरला. शिवशंकर शेडात आले.

"काय वैनी, गाडी सैपाकघरात शिरली का?"

"एक भाग आत हाय. बाकीची बाहेर. दम धरा."

काकूंनी घाईघाईत काढलेला प्लग आवळला, कॅप बसवली, दोरे बघून वायरी लावल्या. "हाण!"

घर्रर्र, घर्रर्र... आणि फाट्! धुराड्यातून असा बार निघाला की टेम्पोवरचे कावळे उडाले.

"घ्या! फुटली," शिवशंकर वळले. "चढव रे गाडी."

"हात लावू नको!" काकू भंगारवाल्याच्या आणि गाडीच्या मधे उभ्या राहिल्या. "भाऊजी, दसऱ्यापासनं मुकी होती. आज बोलली तरी."

"बोलली न्हाई, ओरडली!"

"अण्णारावबी सकाळी आधी ओरडायचे, मग कामाला लागायचे."

भंगारवाला हसला आणि शिवशंकरनी रागानं बघताच खोकला.

फोनमधून मकसूदभाई ओरडत होते, "भाभी! करंट आला, पण चुकीच्या घरी गेला! दोन वायरी उलट्या लागल्यात!"

काकूंनी वायरींकडं पाहिलं. लाल दोरा, राणी कलरचा दोरा. शेडाच्या अंधारात दोन्ही सारखेच. त्यांनी मोबाईलचा टॉर्च लावला आणि तो शिवशंकरच्या हातात दिला.

"इकडं धरा. तिकडं न्हाई, इकडं."

शिवशंकरनी धरला. काय करणार, हातात आलाच होता. काकूंनी दोन वायरी उपसल्या, अदलाबदल केली, अंगठ्यानं दाबून बसवल्या. मग हात पदराला पुसले.

"उज्वला, उठ तिथनं. आता मी बसते."

त्यांनी थंड इंजिनासाठी चोक ओढला. किल्लीवर बोटं ठेवली आणि कुणाकडंही न बघता फिरवली.

घर्रर्र, घर्रर्र, घ... आणि इंजिन लागलं. आधी अडखळत, तीन पायांवर चालल्यासारखं, मग चारीवर. शेडाचा पत्रा थरथरला.

"चोक हळूहळू आत ढकला!" नांदेडहून आवाज. "ऐकू येतंय मला. चारी प्लग बोलतायत. वा, भाभी!"

गाडी शेडाबाहेर आली. दोरखंड हातात धरून भंगारवाला टेम्पोशीच उभा होता. काकूंनी हॉर्न दाबला, तोही वाजला.

"टेम्पो मागं घे, बाबा. मला बाजाराला जायचंय."

टेम्पो मागं सरकला. शिवशंकर अजून टॉर्च लावूनच उभे होते, भर उजेडात.

"वैनी, औशाला चालल्या तर मला आडत्याकडं जायचं होतं."

"चला की. पण माझा बाजार झाला की मी निघणार. उशीर झाला तर बसा मग ओट्यावर."

शिवशंकरनी मुकाट्यानं मागचं दार उघडलं. उज्वलाही सवयीनं मागंच निघाली होती.

"तिकडं कुठं?" काकूंनी शेजारच्या सीटवरची पकड आणि फडकी बाजूला केली. "पुढं बस. आणि दार जोरात ओढ, त्याशिवाय लागत न्हाई."