व्हय म्हणण्यापुरती जागा

विद्यापीठाच्या मागे डोंगर आहे आणि डोंगरात लेणी. पाहुणे वेरूळला जातात, अजिंठ्याला जाताना फर्दापूरला चहा पितात; आमच्या मागच्या लेण्यांकडे भर दुपारी सहसा कुणी फिरकत नाही. इंग्रजी विभागाच्या ग्रंथालयात मोठ्यानं वाचायला मनाई होती आणि मला मोठ्यानं वाचल्याशिवाय काही कळत नसे. म्हणून जेवण झालं की मी इंग्रजी कवितेचं पुस्तक घेऊन वर चढायची. आत गार असायचं. वटवाघळांचा उग्र वास, खांबांच्या लांब सावल्या आणि अंधारात बसलेली ती मोठी मूर्ती, जिनं माझे उच्चार कधी सुधारले नाहीत. मी एक ओळ वाचायची आणि थांबायची. ओळ भिंतीपर्यंत जाऊन माघारी यायची, जराशी जाडसर होऊन, जणू आमच्या गावची कुणी बाई ती म्हणतेय. त्या दुपारी मी खरंच तिथं असायची की विभागातल्या बाकावर डोळा लागून तिथं पोचायची, हे आज मला खात्रीनं सांगता येत नाही.

थांबायची सवय मात्र घरची. आमचं गाव देवगाव रंगारी. निजामाच्या अमलात शाळा उर्दूतून, त्यामुळं आजोबांच्या पिढीत छापील मराठी वाचणारे गावात मोजकेच. पोलिस ॲक्शननंतर गावात पत्रकं यायला लागली, कुळांची, मजुरीची, पाण्याची. तेव्हा एकानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं अशी रीत पडली. आजोबांनंतर ते काम वडिलांकडे आलं. संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर माणसं जमत. वडील एक वाक्य वाचत आणि थांबत. ऐकणारे "व्हय" म्हणाले की पुढचं वाक्य. कुणी गप्प राहिलं तर तेच वाक्य पुन्हा.

मी गोष्टींच्या पुस्तकांआधी पत्रकं वाचली. गुलाबी, पिवळ्या, पलीकडचं दिसेल इतक्या पातळ कागदावरची. त्यांची शाई बोटांना लागायची आणि मला ती धुवावीशी वाटत नसे. एका संध्याकाळी वडिलांनी पत्रक माझ्या हातात दिलं. मी धाडधाड वाचत सुटले.

"लई घाई करू नको, बाई," वडील म्हणाले. "तू वाचून मोकळी होशील. मंग या माणसांनी काय करायचं? थांब जरा. त्यांना म्हणू दे."

पीएचडीसाठी मी विषय घेतला तो हाच. इंग्लंडातल्या सतराव्या शतकातल्या यादवीच्या काळात तिथल्या गोरगरिबांनी छापलेली पत्रकं आणि आमच्या मराठवाड्यातली पत्रकं, दोन्ही साहित्य म्हणून वाचायची. माझ्या मार्गदर्शक मॅडम शहरातल्या, घरात पणजोबांपासूनची पुस्तकं. त्यांनी माझा आराखडा वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"इंग्रजी पत्रकं मुख्य प्रबंधात राहू देत. मराठी परिशिष्टात घे. समिती मान्यता देईल, नोंदणी होईल, तू कामाला लागशील."

"परिशिष्टात का, मॅडम?"

"कारण ती साहित्य नाहीत, असं ते म्हणतील."

"म्हणजे तिकडची पत्रकं साहित्य आणि आमची नुसता पुरावा?"

"माझ्याशी भांडू नकोस गं. मी तुझ्याच बाजूची आहे. भांडण समितीसाठी शिल्लक ठेव."

परिशिष्ट म्हणजे प्रबंधाची मागची पडवी. ज्यांना घरात घ्यायचं नसतं त्यांना तिथं बसवतात आणि वर म्हणतात, जागा दिली की. मॅडमच्या सांगण्यावरून आराखड्यात मी परिशिष्ट लिहिलं, पण मनात ठरवून टाकलं. पत्रकं आतल्या खोलीत बसतील, नाहीतर मला नोंदणीच नको.

समितीची बैठक दुपारी होती. खिडकीतून डोंगर दिसत होता, उन्हात विरघळल्यासारखा. अध्यक्ष विभागातलेच, हसरे. त्यांच्या शेजारी दुसऱ्या विद्यापीठातून आलेले एक सर, सतत पेनाचं टोपण काढणारे आणि लावणारे. त्यांनीच विचारलं की पत्रकात वाङ्मयीन असं काय असतं. मी म्हटलं, वाचून दाखवते. आमच्या गावात वाचलेल्या एका पत्रकाचं मी इंग्रजी भाषांतर केलं होतं. पहिलं वाक्य वाचलं आणि थांबले.

पंखा फिरत राहिला. अध्यक्षांनी पाण्याचा ग्लास हळूच माझ्याकडे सरकवला.

"घाबरू नका. पाणी घ्या आणि सावकाश सुरू करा."

"घाबरले नाही, सर. तुमच्यासाठी थांबले."

"आमच्यासाठी? आम्ही काय करायचं?"

"व्हय म्हणायचं."

अध्यक्ष खो खो हसले. मॅडमनी कपाळाला हात लावला. मी ओट्यावरची रीत सांगितली. टोपणवाले सर म्हणाले, "छान आहे. पण समीक्षक संहिता वाचतो. ऐकणारे काही संहितेत नसतात."

"असतात, सर. प्रत्येक वाक्यानंतर त्यांच्यासाठी जागा सोडलेली आहे. म्हणून तर वाक्यं एवढी लहान आहेत. एकट्यानं मनातल्या मनात वाचलं तर वाटतं, लिहिणाऱ्याला लांब वाक्य जमत नव्हतं."

"मग मराठीतूनच होऊ द्या," अध्यक्ष म्हणाले. "आम्ही म्हणतो व्हय. आमचं काय जातंय?"

मी वाचलं, "विहीर सगळ्या गावानं खोदली."

"व्हय!" अध्यक्षांनी नाटकातल्यासारखा हात वर केला.

"गाव म्हणजे आपण सगळे."

"व्हय." आता मॅडमही म्हणाल्या, थोड्या लाजत.

"तहान सगळ्यांची सारखी."

"व्हय." तिघांचा आवाज एकदम आला आणि त्यात चेष्टा उरली नव्हती. मला वाटलं, खोली थोडी अंधारली आहे आणि आम्ही सगळे लेण्यात बसलो आहोत.

"तर मग पोहरा सगळ्यांच्या हातात पाहिजे."

अध्यक्ष व्हय म्हणाले. मॅडम म्हणाल्या. टोपणवाले सर गप्प होते. मी तेच वाक्य पुन्हा वाचलं, रीतच तशी. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि ते डोंगराकडे बघत राहिले.

"सर," मी म्हटलं, "आमच्या गावातही याच वाक्याला काही जण गप्प झाले होते. आमच्याच भावकीतले. वडिलांनी ते वाक्य अंधार पडेपर्यंत वाचलं. या पत्रकाचा जीव तिथं आहे आणि मला तो प्रबंधात लिहायचा आहे. परिशिष्टात नुसता कागद जोडला तर ते कुणाला कळणार?"

मग अध्यक्षांनी माझा आराखडा उघडला. "परिशिष्ट काढा," ते म्हणाले, आणि मी कागद आवरायला घेतले. "त्याचं प्रकरण करा. आधी ते लिहून आणा. साहित्य वाटलं तर नोंदणी."

मी उठले. दारातून मॅडमकडे पाहिलं, तर त्या माझ्यासाठी सरकवलेल्या ग्लासातलं पाणी पीत होत्या.

जिन्यावर टोपणवाल्या सरांनी मला गाठलं.

"त्या प्रकरणात आजचं येणार?"

"येईल, सर."

"नाव घालू नका."

"नावं नसतातच. कुठल्या वाक्याला शांत झालं, एवढंच."

त्यांनी मान हलवली. खाली उतरता उतरता ते थांबले, वर न बघता म्हणाले, "आमच्या गावातही विहीर होती," आणि निघून गेले.

ऊन उतरल्यावर मी लेण्याकडे गेले. ते चौथं वाक्य मोठ्यानं म्हटलं. ते भिंतीला लागून जसंच्या तसं माघारी आलं. मूर्ती अंधारात होती तशीच बसून होती. दगडाकडून व्हय यायचं नव्हतं, आणि त्या दिवशी मला ते ऐकायचंही नव्हतं. मी दाराशी उजेडात बसले आणि प्रकरणाचं पहिलं वाक्य लिहिलं, लहानसंच. त्याच्याखाली एक ओळ रिकामी सोडली.