न वाजलेल्या फोनची जबाबदारी

मंदाकिनीताई बोरसे यांची आणि माझी पहिली भेट सुरतेच्या उधन्यातल्या आमच्या कंपनीच्या कचेरीत झाली, असे कागदोपत्री म्हणता येईल. खरी ओळख झाली ती पांडेसऱ्यातल्या कापड रंगवायच्या एका डाइंग मिलमध्ये. मी जालन्याहून नुकताच इकडे आलो होतो. सॉफ्टवेअर तपासायची नोकरी, म्हणजे वातानुकूलित खोली आणि फिरती खुर्ची, अशी माझी समजूत होती. ताईंनी पहिल्याच दिवशी मला रिक्षात घातले आणि थेट बॉयलरपाशी नेऊन उभे केले. घामाने शर्ट अंगाला चिकटला. "हे बघा," म्हणत त्यांनी भिंतीवरच्या भोंग्याकडे बोट दाखवले. भोंग्याच्या तोंडात कुणीतरी फडके कोंबून ठेवले होते. फुकटचा ओरडतो म्हणून कामगारांनीच त्याचा गळा दाबला होता. ताई म्हणाल्या, "सूचना देणारं यंत्र बनवणं सोपं आहे. लोकांनी त्यात फडकं कोंबू नये, इतकं ते खरं बोलायला हवं. तुमची नोकरी ही."

ताईंच्या साठीनिमित्त आमच्या दिंडोलीच्या मराठी मंडळाने हा गौरवग्रंथ काढायचे ठरवले, तेव्हा संपादकांनी मला बजावले की लेख प्रसन्न असू द्या, समारंभाचा प्रसंग आहे. मी होकार दिला. लिहायला बसल्यावर मात्र लक्षात आले की ताईंविषयी खरे लिहायचे तर प्रसन्न राहणे मला जमणार नाही. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

ताईंचे काम काय, हे मंडळातल्या बहुतेकांना माहीत नाही. "बोरसेबाई कम्प्युटरात आहेत" एवढ्यावर आपण सगळे समाधानी आहोत. आमची कंपनी मिलवाल्यांसाठी एक सॉफ्टवेअर चालवते. बॉयलरमधला दाब वाढला की ते मिलच्या माणसाच्या फोनवर सूचना धाडते. आता ही सूचना खरोखर जाते की नाही, हे कुणी पाहायचे? त्यासाठी आमच्याकडे तपासणीचा वेगळा प्लॅटफॉर्म आहे. तो रोज सकाळी दाब वाढल्याची खोटी बातमी सॉफ्टवेअरला देतो आणि सूचना निघते का ते बघतो. निघाली नाही, तर पडद्यावर लाल ओळ येते. पूर्वी ही लाल ओळ खोलीतल्या पडद्यावर तशीच बसून राही. कुणी चहा पिऊन आले, बघितले, तर बघितले. दुसऱ्या बाजूला आमची इन्सिडेंट सिस्टीम होती. तिच्यात बिघाडाचे तिकीट नोंदवले की कामावर असलेल्या माणसाचा फोन वाजतो, आणि त्याने उचलला नाही तर त्याच्या वरच्या माणसाचा. मधला पूल म्हणजे एक माणूस, जो लाल ओळ वाचून हाताने तिकीट टाकायचा. तो जेवायला गेला की पूलही जेवायला जायचा.

ताईंनी हट्ट धरला की या दोन यंत्रणा एकमेकींना जोडायच्या. तपासणी नापास झाली की तिकीट आपोआप पडले पाहिजे आणि फोन आपोआप वाजला पाहिजे. हे काम त्यांनी आणि मी मिळून केले, असे ताई सगळीकडे सांगतात. खरे तर डोके त्यांचे आणि बोटे माझी.

पहिल्या प्रयत्नाची कथा आजही कंपनीत चघळली जाते. उत्तरायणाचा, म्हणजे आपल्या संक्रांतीचा, दिवस होता. सगळी सुरत गच्चीवर, आमचे मालक जयेशभाई हातात मांजा धरून. तेवढ्यात इंटरनेट क्षणभर गेले, सगळ्या तपासण्या एकदम नापास झाल्या, प्रत्येकीचे वेगळे तिकीट पडले आणि सगळ्यांचे फोन वाजत सुटले. जयेशभाईंनी एका हाताने फोन काढला आणि दुसऱ्या हातातला पतंग शेजारच्या गच्चीने कापला. "मंदाबेन, आ तमारुं मशीन मारो पतंग खाई गयुं!" असे ते फोनवरच ओरडले. ताई हसल्या, पण दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी कचेरीत हजर होत्या. एका कारणाने शंभर तपासण्या पडल्या तरी तिकीट एकच पडावे, तपासणी एकदा नापास झाली तर लगेच पुन्हा करावी आणि तरीही नापास झाली तरच माणसाला उठवावे, अशी सगळी घडी त्यांनी बसवली. एक गोष्ट मात्र त्यांनी कुणालाही करू दिली नाही. तपासणी पुन्हा पास झाली म्हणून तिकीट आपोआप बंद होऊ द्यायचे नाही. काय झाले होते ते माणसाने दोन ओळी लिहून सांगायचे, मगच ते मिटायचे. आम्ही कुरकुरलो. त्या म्हणाल्या, "लिहायचा कंटाळा असेल तर नोकरी बदला."

असे कडक बोलणाऱ्या ताई आतून कशा आहेत, ते मला माझ्या पत्नीच्या आजारपणात कळले. तिला इस्पितळात ठेवले होते आणि कामाचा फोन माझ्याकडे होता. ताई आल्या, माझ्या खिशातून तो फोन काढून त्यांनी स्वतःच्या पर्समध्ये टाकला आणि हातावर दशम्यांचा डबा ठेवला. "काबरं उपाशी फिरी राहिना?" एवढेच बोलल्या. त्या रागावल्या किंवा हेलावल्या की घरची अहिराणी अशी वर येते. पत्नी घरी येईपर्यंत तो फोन त्यांच्याकडेच राहिला. मी नंतर आभार मानायला गेलो तर त्यांनी विषय बदलला.

आता जे लिहायचे ते टाळता आले असते तर बरे झाले असते.

सुरतेत दिवाळीनंतर नवे वर्ष लागते आणि लाभपाचमेच्या मुहूर्तावर धंदा पुन्हा उघडतो, हे आपल्याला सांगायला नको. आमच्याकडे हिशेबाच्या चोपडीच्या जागी कम्प्युटरची पूजा होते. पडद्याला कुंकू लागते आणि नव्या वर्षाचे पहिले तिकीट जयेशभाई स्वतःच्या हाताने 'श्री' असे लिहून टाकतात आणि लगेच मिटवतात. ताईसुद्धा त्या पूजेला हौसेने हळदकुंकू घेऊन येत. एका वर्षी मात्र पाडव्याच्याच सकाळी एक तपासणी नापास झाली आणि जोडणीने इमानदारीत तिकीट टाकले. नव्या वर्षाची पहिली नोंद बिघाडाची झाली. जयेशभाईंच्या मनाला ते फार लागले. पुढच्या दिवाळीत त्यांनी आमच्यातल्या एकाला सांगितले, "भाई, नवा वरसनी पहेली एन्ट्री खराबीनी ना होय. लाभपाचम सुधी बंध राखो." त्याने लाभपाचमेपर्यंत जोडणी बंद ठेवली. त्यात कुणाचे वाईट मन नव्हते. मिली बंद, बॉयलर थंड, मग फोन वाजून करायचे काय, असा साधा हिशेब. ताई भाऊबीजेला पारोळ्याकडे गेल्या होत्या आणि त्यांना कुणी विचारले नाही.

सुट्टीच्या आधी सॉफ्टवेअरमध्ये एक बदल गेला होता आणि त्या बदलाने दाबाची सूचना निघणेच थांबले होते. तपासणीने ते पहिल्याच सकाळी पकडले. कुलूपबंद कचेरीत, कुंकू लावायच्या पडद्यावर, लाल ओळ रोज येत राहिली. कडोदऱ्याच्या एका मिलमध्ये मुहूर्ताला यंत्रे चालू व्हावीत म्हणून बॉयलर आदल्या दिवशीच पेटवला. सेफ्टी व्हॉल्व्ह अडकलेला होता. दाब वाढत गेला, सूचना गेली नाही आणि वाफेची नळी फुटली. साक्रीकडचा भिकन पवार नावाचा कामगार तिच्याजवळ उभा होता. भाजलेल्या अवस्थेत तो काही दिवस इस्पितळात जगला, मग गेला.

चौकशी झाली. दोष व्हॉल्व्हचा निघाला. आमच्या कंपनीचे नावसुद्धा कुठे आले नाही आणि कचेरीत सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. मीही सोडला. ताईंनी सोडला नाही. त्या जयेशभाईंच्या खोलीत गेल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "व्हॉल्व्ह त्यांचा होता. पण फोन आपला होता, आणि तो आपण बंद केला होता." जयेशभाई लहान मुलासारखे रडले. माणूस वाईट नाही, हे मी आजही म्हणेन.

मग ताई भिकनच्या घरी निघाल्या आणि मी सोबत गेलो. कडोदऱ्याला मिलच्या मागे एका खोलीत त्याच्या पत्नी उषाबाई बसल्या होत्या. ताईंनी आम्ही कोण ते सांगितले, सूचनेचे काम आमचे आहे तेही सांगितले. उषाबाईंनी पदर सारखा केला. मग विचारले, "मंग त्या दिनले फोन वाजना व्हता का, ताई?"

ताई म्हणाल्या, "नही वाजना, बाई."

उषाबाईंनी मान हलवली आणि चुलीकडे वळल्या. आम्हाला चहा दिला. तो चहा मी कसा प्यायलो, मला माहीत नाही. आजही महिन्यातून एकदा ताई कडोदऱ्याला जातात, उषाबाईंजवळ बसतात आणि परत येतात. काय बोलतात, मी विचारलेले नाही.

त्यानंतर ताईंनी दोन नियम केले आणि जयेशभाईंनी ते मान्य केले. जोडणी एकट्या माणसाला बंद करता येणार नाही, हा एक. आणि फोन उचलायला पाळीवर किमान दोन नावे नसतील तर जोडणी चालवायचीच नाही, कारण कुणीच न उचलणारा फोन वाजतो आहे हा भरवसा जास्त घातक, हा दुसरा. पाळीत पहिले नाव त्यांनी स्वतःचे घातले. माझे दुसरे. बाकीची नावे होती, ती एकेक करून गळाली. कुणी बडोद्याला गेले, कुणी घरच्यांच्या कटकटीने कंटाळले. तरुण मुले हुशार आहेत, पण "मॅम, छुट्टी के दिन फोन नहीं उठा पाएँगे" असे सरळ सांगतात, आणि त्यांना दोष द्यायची माझी हिंमत नाही. ग्राहकांनाही ही कटकट नको आहे. बिघाडाचा ईमेल सकाळी एकदा आला तरी चालेल, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे पुन्हा ती लाल ओळ आणि पुन्हा चहा.

गेल्या महिन्यात ताई निवृत्त झाल्या. सत्काराची तयारी सुरू झाली तेव्हा त्यांनी कंपनीतल्या सगळ्यांना बोलावून सांगितले, "शाल-श्रीफळ नको. पाळीत एक नाव द्या, म्हणजे मी माझं काढते." सगळे चांगले लोक होते. कुणी खिडकीबाहेर पाहिले, कुणी घड्याळाकडे. एकानेही नाव दिले नाही. ताई "बरं" म्हणाल्या आणि पाण्याचा पेला उचलला. निवृत्त बाईचा नंबर पाळीत राहू द्यायला जयेशभाईंनी परवानगी दिली आहे. त्यांच्याकडून एवढेच होण्यासारखे होते.

मी ताईंकडून पुष्कळ शिकलो, पण माणसे कशी जोडावीत ते शिकलो नाही. खरे सांगायचे तर ते त्यांनाही जमले नाही. यंत्रणा एकमेकींना जोडून झाल्या. शेवटी फोन हातात घेणारा माणूस मात्र आम्हाला मिळाला नाही, आणि मिळेल असे मला वाटत नाही. मंडळाच्या वाचकांपैकी कुणाला यातला मार्ग दिसत असेल तर त्यांनी अवश्य कळवावे, पण मी त्या आशेवर बसलेलो नाही.

ताई, गौरवलेखाच्या शेवटी शुभेच्छा द्यायच्या असतात. आपण थकला आहात, हे मला दिसते. आपले गुडघे दुखतात, रात्रीची झोप तुटते, फोन उशाशी ठेवून आपण झोपता. आता तो फोन बंद करून आपण पारोळ्याला निवांत राहावे, भाच्यांच्या मुलांचे लाड करावेत, असे मागण्याची माझी फार इच्छा आहे. ते मला मागवत नाही. बिघाड झाला तर फोन आधी आपल्याला येईल, आपण उचलला नाहीत तर मला येईल, आणि मी उचलला नाही तर तो कुणालाच जाणार नाही. आपण नाव काढलेत तर दोन नावांच्या नियमाने तो वाजणारही नाही.

म्हणून आपल्याला दीर्घ आणि निरोगी आयुष्य लाभो, असे हात जोडून मागतो. हे मागणे आपल्या सुखासाठी असायला हवे होते, ताई. ते मी कडोदऱ्यासाठी मागतो आहे. मला क्षमा करा.