वाटीभर आंबवण

लष्कर मोहल्ल्यातल्या अंबुबाईला साठ वर्षांत कुणी काही विचारलं नव्हतं. नवरा, येसाजीराव, विचारायचा ते एवढंच, की जेवण झालं का. बाई मात्र गुणाची. सासूकडून आलेल्या मातीच्या मडक्यात ती हुरळी, म्हणजे आपले कुळीथ, वाटून आंबवायची. मडकं नुसत्या पाण्यानं विसळायचं, मूठभर जुनं पीठ आंबवण म्हणून राखायचं, त्यावर नवं ओतायचं. चाळीस वर्षं हाच नेम. त्या पिठाची इडली इतकी हलकी, की मधुमेहाची माणसं डबा घेऊन दारात उभी राहायची.

शेजारच्या वनजानं एकदा वाटीभर आंबवण मागितलं. अंबुबाई म्हणाली, "इडल्या ने की गं हव्या तेवढ्या. आंबवण नको मागू." खोटं कशाला बोला, कोतेपणाच तो. पण ही चव आपल्याच घरची राहावी, एवढी एकच हौस होती तिला. दुसरी कुणी पुरवलीच नव्हती.

मग एक दिवस वादिराज नावाचा तरुण इडली न्यायला आला. हूटगळ्ळीच्या एका कारखान्यात तो कामाला होता, तिथं दूध-अंड्याच्या जागी वापरता येईल असं कडधान्याचं पीठ आंबवून करायचा खटाटोप चालला होता. हुरळीचं पीक थोड्या पाण्यावर येतं, पण तिच्या चवीतला उग्रपणा काही जाईना. अंबुबाईची इडली खाऊन तो म्हणाला, "अम्मा, गुरुवारी आमच्या मॅडमना आणतो. आंबवण न्यायचंय. पुढं तुम्हीच येऊन आमच्याकडं कामाला असलेल्या बायकांना शिकवा."

अंबुबाईनं हे येसाजीरावाला तीनदा सांगितलं.

बुधवारी सकाळी तिनं मडक्याकडं पाहिलं. काळं, काठाला पापुद्रे, आंबूस वास. शिकलेली माणसं येणार, काय म्हणतील? तिनं मूठभर पीठ वाटीत काढलं, मोरीतली ब्लीचिंग पावडर घेतली आणि काथ्यानं मडकं घास घास घासलं. रात्रभर त्याच पावडरीच्या पाण्यात भिजत ठेवलं. अय्यो, केवढ्या हौसेनं केलं हो तिनं! सकाळी विसळून जुनं पीठ परत आत, वर नवं.

दुपारी मॅडमनी झाकण काढलं आणि मडक्यात मुरलेल्या ब्लीचिंगच्या वासानं त्या मागं सरल्या. वादिराजनं हळूच विचारलं, "अम्मा, हे कशानं धुतलंत?"

अंबुबाईनं अभिमानानं सांगितलं. "एक जंतू राहिला नसेल."

"तेच तर न्यायला आलो होतो," मॅडम म्हणाल्या. आवाज अगदी मऊ होता त्यांचा. चहा न घेताच दोघं गेले.

चार दिवस पीठ फुगलं नाही, मग त्याला घाण सुटली. येसाजीराव दगडासारखी इडली मुकाट्यानं गिळायचा. ते तिला जास्त लागायचं.

पाचव्या दिवशी ती रिकामी वाटी घेऊन वनजाच्या दारात गेली. "वनजा, मी नसताना कधी माझ्या मडक्यातलं चमचाभर घेतलं असशील, तर सांग. मी रागावणार नाही. खरंच नाही."

वनजा गोंधळली. "नाही हो अंबक्का. तुम्ही नको म्हणालात, मग कशी घेऊ?"

तिनं आत बोलावलं, बसा म्हणाली. अंबुबाई वाटी पदराखाली धरून उंबऱ्यातच उभी राहिली.