कोपरापर्यंतची बाही

रविवारी दुपारी तासभर मोबाईल हातात मिळायचा. लातूरच्या आमच्या होस्टेलात बाकी सगळा आठवडा मोबाईल रेक्टर मॅडमच्या कपाटात कुलूपबंद. त्या तासात पोरी घरी बोलायच्या, थोडं रडायच्या आणि उरलेल्या वेळात कपडे बघायच्या. बघायच्या फक्त, घ्यायच्या नाहीत. आजकालची पोरं दिवसभर मोबाईलवरून खरेदी करतात असं जे छातीठोक सांगतात, त्यांनी आमच्या खोलीत एक रविवार काढायला हवा होता. अंगठा 'ऑर्डर करा'वर यायचा आणि तिथंच अडायचा.

आलेलं पार्सल रेक्टर मॅडम स्वतः फोडायच्या, तेही सगळ्यांसमोर. कुणी चोरून दुसरा मोबाईल मागवलाय का, हे बघायला. वस्तू परत न्यायला माणूस यायचा तेव्हा आम्ही क्लासात बसलेलो. म्हणजे आलं ते गळ्यात पडलं. माझ्या शेजारच्या कॉटवरच्या उदगीरच्या पोरीनं एकदा कुर्ता मागवला, त्यात आम्ही दोघी सहज मावलो असतो. "मोबाईलमधली बाई लई बारीक व्हती गं," असं म्हणून तिनं त्याची उशीची खोळ केली. तेव्हापासून खोलीत कुणी धाडस केलं नव्हतं.

मला मात्र करणं भाग होतं. मेडिकलच्या परीक्षेला पूर्ण बाहीचे कपडे चालत नाहीत आणि माझ्या दंडांवर कोडाचे डाग होते. घरच्यांना ठाऊक होता तो एकच, उजव्या दंडावरचा, रुपयाएवढा. लातूरला आल्यापासून तो पसरत कोपराच्या जरा वर येऊन थांबला होता, आणि डाव्या हातानंही त्याच्याशी स्पर्धा लावली होती. मी कुणाला सांगितलं नव्हतं. आंघोळ पहाटे, कपडे बदलायचे ते कडी लावून, मे महिन्यातही मनगटापर्यंत बाह्या. आईला कळलं असतं तर तिनं क्लास, परीक्षा सगळं गुंडाळून मला नांदेडच्या डॉक्टरकडं नेलं असतं, वर्ष पाण्यात गेलं असतं आणि पाहुण्यारावळ्यांत कुजबुज सुरू झाली असती. मला वर्ष प्यारं होतं. मला बाही हवी होती ती बरोबर कोपरापर्यंतची. नियमात बसणारी आणि डाग झाकणारी.

दुकानातल्या तयार कुर्त्यांच्या बाह्या खांद्याखालीच संपायच्या. लग्नसराई चालू, शिंपी मान वर करून बघत नव्हते. भोकरला घरी आईला शिवून आणायला सांगावं, तर एवढ्या उन्हात एवढी लांब बाही कशाला, हा तिचा पहिला प्रश्न आला असता.

आणि मोबाईलवरून मागवते म्हणावं तरी पंचाईत. आईचं माहेर भूकंपाच्या पट्ट्यातलं. घर पडल्यावर कुठून कुठून ट्रक भरून कपडे आले होते, त्यांचा ढीग शाळेच्या मैदानात ओतला होता. त्यातून तिच्या वाट्याला आलेला फ्रॉक तिनं थंडीभर घातला. तो कुणाचा होता, हे तिला कधी कळलं नाही. देणारे चांगलेच होते, तीही हे मान्य करते. पण तेव्हापासून हातानं चाचपल्याशिवाय कापड घरात येऊ द्यायचं नाही, हा तिचा कायदा. "न बघता आलेलं अंगाला लावू न्हाई," एवढंच म्हणते आणि पुढं बोलत नाही. त्यामुळे मी घरी चकार शब्द काढला नाही.

बाहीचं माप कुठंच दिलेलं नव्हतं. 'हाफ स्लीव्ह' म्हणजे नेमकी कुठवर, हे फोटोतल्या गोऱ्यापान बाईच्या हातावरून ताडायचं. मी श्वास रोखून बटण दाबलं. पैसे वस्तू आल्यावर द्यायचे होते. माझा मोबाईल कपाटात राहणार, म्हणून नंबर दिला बाबांचा. क्लासचा फॉर्म असो, बँक असो, आमच्याकडं सगळीकडं बापाचाच नंबर लागतो. माझ्या हातालाही तीच सवय.

पार्सल आलं नाही. रोज क्लासातून आल्यावर मी ऑफिसच्या खिडकीशी जायची आणि मॅडम नकारार्थी मान हलवायच्या. शरीरशास्त्राचं पान उघडं असायचं आणि मी त्यात बाह्या बघत बसायची.

परीक्षेच्या आदल्या दिवशी आईबाबा भोकरहून आले. होस्टेलच्या व्हरांड्यात बसून बाबा खुशीत सांगायला लागले, "परवा एका ठगानं फोन केला. म्हणे, पार्सल घेऊन आलोय, मोबाईलवर आलेला नंबर सांगा. मी काय खुळा हाय का? असा झापला त्याला, पुन्हा फोन करायची हिंमत न्हाई केली!"

"ह्यांना न्हाई फसवू शकत कुणी," आई कौतुकानं म्हणाली.

ते पार्सल माझं होतं, हे सांगता येत नव्हतं. त्यात काय होतं, हे आईनं विचारलंच असतं. मी हसले. इतका राग मला बाबांचा त्याआधी कधी आला नव्हता आणि त्यांची चूक तर काडीची नव्हती.

शिवण मला कधी जमलं नव्हतं, तरी संध्याकाळी शेवटचा उपाय म्हणून मी जुन्या कुर्त्याच्या बाह्या कोपरापाशी कापल्या. दोरे निघू नयेत म्हणून कडा दुहेरी दुमडून हातानं टाके घातले. वेडेवाकडे आले, पण बाही बसली बरोबर कोपरावर. मला झोप लागली ती त्या जोरावर.

सकाळी केंद्राच्या फाटकाशी रांग होती. पालक दोरीपलीकडं. तपासणाऱ्या बाईनं माझी बाही चिमटीत धरली आणि तिची बोटं त्या जाड दुमडीवर थांबली.

"यात काय शिवलंय?"

"काही नाही मॅडम. टीप आहे, हाताची."

"एवढी जाड?" तिनं कात्री घेतली. "चिठ्ठी असली म्हणजे? थांब, हलू नको."

मी नको नको म्हणत होते. तिनं खांद्याच्या जरा खालून गोल कापून टाकली, आधी उजवी बाही, मग डावी. कापडाच्या दोन पट्ट्या खाली पडल्या आणि माझे दोन्ही दंड सगळ्या रांगेसमोर उघडे झाले. मी वळून दोरीकडं पाहिलं. आई बघत होती. तिची नजर माझ्या हातांवरून हलत नव्हती.

पेपर कसा लिहिला, मला आठवत नाही. बाहेर आले तेव्हा सगळे आईबाप आपापल्या पोरांना एकच विचारत होते, पेपर कसा गेला. बाबांनीही तोंड उघडलं, पण आईनं त्यांना हातानं थांबवलं. त्या गर्दीत तिनं माझा दंड धरला, डागांवर तळवा ठेवून, घट्ट.

"अगं माय," ती म्हणाली, "डॉक्टर व्हायच्या आधी डॉक्टरकडं जाया पायजे व्हतं."