मावशींचा कडक उपास

भूल देताना औषधांपेक्षा प्रश्नच जास्त थकवतात. पनवेलमधल्या छोट्या रुग्णालयांत मी बोलावतील तशी जाते. सकाळी खांदा कॉलनी, दुपारी खारघर. सगळीकडे पहिली चौकशी एकच, पोट रिकामं आहे ना?

त्या सकाळी टेबलावर उरणकडच्या एक मावशी होत्या, मासळी विकणाऱ्या. पित्ताशयात खडे. दुखणं त्यांनी फार दिवस अंगावर काढलं होतं. मुलाला बंदरावरून कशीबशी सुट्टी मिळाली होती.

"उपाशी आहे, मॅडम," सिस्टर म्हणाल्या.

मी तो शब्द वापरत नाही. आमच्या घरी उपासाला रोजच्यापेक्षा जास्त खाणं व्हायचं.

"मावशी, सकाळपासून तोंडात काय काय गेलं?"

"काय नाय गो बाय. संकष्टी हाय. कडक उपास."

"आणि उपासाचं?"

"ता खाल्लं ना! निंगताना सुनेनं खिचरी दिली वाटीभर."

सर्जन कपडे बदलून उभे होते. "वाटीभर साबुदाण्यासाठी केस रद्द? द्या भूल, उरकू."

"सर, भूल चढली की खोकणंही थांबतं. पोटातलं वर आलं तर सरळ फुफ्फुसात जाईल."

"मग मला दुसरं कोणीतरी बोलवावं लागेल."

"बोलवा. खिचडी गायब करणारं औषध त्यांच्याकडे असेल तर मलाही सांगा."

बोलले खरी. पण अशानेच माझी कामं तुटतात. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. ज्या शिक्षकांनी रागावून रागावून रिकाम्या पोटाचा नियम डोक्यात पक्का बसवला, त्यांचे उपकार अशा वेळी कळतात.

शेवटी सर्जननी केस उद्यावर ढकलली. बाहेर मुलगा एवढंच म्हणाला, "आता परत सुट्टी कोन देनार?" मी त्याला चिठ्ठीवर उद्याची वेळ लिहून दिली, खाली 'खिचडीसुद्धा नाही'.

तरी तो थांबला. दुसऱ्या सकाळी मावशी खरोखर रिकाम्या पोटी आल्या. दुधासारखं पांढरं प्रोपोफॉल शिरेत गेलं, डोळे मिटले. मग स्नायू सैल करणारं औषध, श्वासनलिकेत नळी. तिथून त्यांचा श्वास माझ्याकडे. सर्जननी काम नेटकं केलं.

भूल उतरवली, नळी काढली. "मावशी, डोळे उघडा."

त्यांनी उघडले, छताकडे पाहिलं आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, "कवा सुरू करनार गो? भूक लागली."

सिस्टर हसल्या. मी स्टुलावर बसले आणि त्यांचा श्वास मोजत राहिले.