धोंडूची शीर

आरोंद्याचा पोस्टमन धोंडू याचा पाय गेला तो माझ्यामुळे. लोक म्हणतात विड्यांमुळे. डॉक्टरही तेच म्हणाले, आणि विड्या तो ओढायचाच, दिवसाला दोन कट्टे. पण मी सातवीला विज्ञान शिकवतो, मला माझ्यापुरतं कळतं.

चौऱ्याऐंशी साली त्याची चाल बिघडली. शंभर पावलं टाकली की पोटरी आवळून यायची आणि हा टपालाची पिशवी मांडीवर घेऊन बांधावर बसायचा. गावाने त्याला आळशी ठरवलं. दोनदा मीही टोमणा मारला. मग अंगठा काळसर पडला आणि हा दांडगा माणूस बसल्या जागी रडायला लागला. तेव्हा त्याची बायको कावेरी माझ्याकडे आली. "मास्तर, तुमका इंग्लिश येता. ह्यांका गोंयात घेवन चला."

गोव्याच्या इस्पितळातले डॉक्टर केरळकडचे, त्यांना कोकणी येत नव्हती. त्यांनी आधी कमरेत एक इंजेक्शन दिलं. "दुखता पायाक आणि सुई कमरेत? ह्यो डाक्टर बरो आसा मां?" धोंडू कुरकुरला. पण अर्ध्या तासात ते थंडगार पाऊल ऊबदार झालं, ठणका उतरला. धोंडू पाय पसरून चक्क घोरायला लागला. कावेरी त्याच्या तळव्यावर हात ठेवून बसून राहिली. त्या दुपारी मला फार बरं वाटलं होतं.

संध्याकाळी ठणका परत आला. ही नुसती चाचणी होती, डॉक्टरांनी मला इंग्रजीत समजावलं. रक्तवाहिन्यांना आवळून धरणारी एक नर्व्ह असते. कमरेतच औषध घालून ती कायमची मारायची, म्हणजे वाहिन्या सैल पडतात, रक्त बोटांपर्यंत पोचतं. खात्री नाही, पण पाय वाचायचा असेल तर असाच वाचेल. उद्याच करू.

नर्व्ह म्हणजे मज्जातंतू. दरवर्षी मी तो शब्द फळ्यावर लिहितो. पण धोंडूला एवढा जड शब्द कशाला, असा विचार करून मी म्हणालो, "धोंडू, फाल्यां ते तुझी शीर मारतले."

त्याचा चेहराच उतरला. आमच्याकडे मज्जातंतू आणि रक्तवाहिनी दोन्हींना शीरच म्हणतात, पण त्याच्या बापाची शीर कोयत्याने तुटली होती आणि रक्त जाऊन तो अंगणातच मेला होता. "मास्तर, शीर मारल्यार पायात रगात जातला खंयसून?"

प्रश्न अगदी रास्त होता. मला शेवटची एसटी गाठायची होती. "डाक्टर शाणो की तू?" मी खेकसलो आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी शाळेतून परतताना बघतो तर हा आपल्या ओटीवर, पाय खाली सोडून बसलेला. इस्पितळातून पळून आला होता. मला संताप आला. एवढी खटपट केली, त्याची ही किंमत! महिनाभर मी त्याच्याशी बोललो नाही. त्या महिन्यात काळेपणा अंगठ्यावरून घोट्यापर्यंत चढला, आणि पाय गुडघ्यावरून कापावा लागला.

कापल्यानंतर भेटायला गेलो तर तोच मला धीर द्यायला लागला. "देवाची मर्जी, मास्तर. शीर मारूक दिली असती तर पाय तेवाच सुकलो असतो. पळान इलंय म्हणान म्हयनोभर तरी माझो रवलो."

माझ्याने गप्प बसवलं नाही. "धोंडू, ती रगताची शीर नव्हती रे. ती मारली की रगात उलट बरा व्हावता. माझ्याच सांगण्यात चूक झाली."

"म्हणजे पाय रवलो असतो?"

"कदाचित."

कावेरी दारातून आत निघून गेली. धोंडूने चादर मांडीवर ओढून घेतली.

"ह्या माका सांगूक नको होता, मास्तर," तो म्हणाला.